पाळणा कोणी हलवावयाचा?



वसंत ऋतूत चार सुज्ञ मंडळींनी एकत्र बसून विचारविनिमय करावा, ही प्रथा न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यास सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रातील गावोगावी पसरली. या व्यासपीठांवरून राज्यघटनेपासून नाट्यकलेपर्यंत अनेक मोठ्या विषयांची चर्चा झाली आहे. आमचा आजचा विषय त्या मानाने अगदी घरगुती वाटेल. दिवसभर मजुरीस जाणाऱ्या बाईचे तान्हे मूल कोणी सांभाळावयाचे, एवढाच आमचा प्रश्न आहे. परंतु प्रश्न घरगुती असला म्हणजे तो लहान असतो, असे मात्र कोणी समजू नये. ज्या प्रश्नाचे उत्तर लक्षावधी घरांत रोज सकाळी शोधावे लागते आणि रोज सकाळी ते अपुरेच सापडते, तो प्रश्न साऱ्या समाजाचा असतो.

पहिला आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. कोणी म्हणेल, ‘यात प्रश्न कसला? आपल्याकडे आजीआजोबा आहेत, काकूमावशी आहेत, शेजारपाजार आहे. मुले आजवर वाढलीच ना?’ वाढली खरी. पण कशी वाढली हेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या कापडगिरण्यांत बायका खात्यात उभ्या राहत, त्या काळी तान्ह्या पोराने दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल होती. तिला ‘बाळागोळी’ असे गोंडस नाव होते. १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या शाही मजूर आयोगानेही मुलांना अफू देण्याच्या या चालीची नोंद घेतली. त्या आया दुष्ट नव्हत्या. गिरणीचा भोंगा होई आणि घरात दुसरे माणूस नसे, म्हणून त्यांच्यावर ही पाळी येई. एकत्र कुटुंबाचा आधार ज्या घराला आहे, त्या घरापुरता तो खराच आहे. पण जो मजूर पोटासाठी गाव सोडतो, त्याची आजी गावीच राहते.

आपल्या महाराष्ट्रातले याचे सर्वांत ठळक उदाहरण ऊसतोडणी कामगारांचे आहे. दसरादिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालना अशा अवर्षणग्रस्त भागांतून कोयते निघतात. ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती या जोडीला. पुरुष ऊस तोडतो, बाई वाढे काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून नेऊन गाडीत चढविते. पहाटे अंधारातच कोपी सोडावी लागते आणि गाडी भरून होईपर्यंत परतीची वेळ ठरलेली नसते. बाईने एक दिवस घरी राहावे म्हटले तर त्या दिवसाचा खाडा साऱ्या जोडीच्या हिशेबात लागतो. मग वर्षाचे मूल कुठे असते? फडाच्या बांधावर, झोळीत, किंवा कोपीपाशी आठनऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. वाहनांची ये-जा चालू असते, जवळ विहीर असते, शेततळे असते, उसात साप असतो. अशा ठिकाणी लहानग्याला लहानग्याच्या हवाली करून आई कामाला लागते.

येथे दोन मुलांचे नुकसान एकदम होते, हे ध्यानात घ्या. धाकट्याचे तर होतेच. पण थोरलीची शाळा सुटते ती बहुधा कायमची. आपण मुलींच्या शिक्षणाविषयी पुष्कळ बोलतो, शाळा बांधतो, गणवेश वाटतो. परंतु मुलीच्या कडेवरचे मूल कोणी घ्यावयाचे, याचा विचार केल्यावाचून तिच्या हातात पाटी येत नाही.

धाकट्याच्या नुकसानीचा विचार जरा शास्त्राच्या अंगाने करू. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरते. त्यानंतर त्याला वरचे अन्न लागते, आणि त्याचे पोट एवढेसे असते की ते दोनदा जेवून भागत नाही. थोडे थोडे करून दिवसातून चारपाच वेळा, मऊ शिजविलेले आणि वर तेलतूप घातलेले अन्न कोणी तरी मांडीवर बसवून भरवावे लागते. आई पहाटे गेली आणि संध्याकाळी आली, तर मधले सारे घास चुकतात. घरात धान्य असूनही मूल रोडावते ते यामुळे. कुपोषण हा धान्याचा प्रश्न आहे तसाच भरविणाऱ्या हाताचाही आहे. ही गोष्ट जितकी साधी तितकीच दुर्लक्षित आहे. मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या दोनतीन वर्षांत होते. त्या वयात कोणी मुलाशी बोलले नाही, त्याला खेळविले नाही, तर पुढे शाळेत त्याला ‘ढ’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचतो?

आता या प्रश्नाची उत्तरे जगाने कशी शोधली ते पाहू. फिर्मँ मार्बो या गृहस्थाने १८४४ साली पॅरिसमध्ये मजूर स्त्रियांच्या तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर उघडले. गावात शाळा आहेत, पण जन्मल्यापासून शाळेच्या वयापर्यंत गरिबाच्या मुलाला जागाच नाही, ही उणीव त्यांच्या नजरेस आली होती. पुढे १९०७ साली रोममध्ये सान लोरेन्झो या मजूरवस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. चाळीतले आईबाप कामावर जात, लहान मुले दिवसभर मोकळी राहत आणि भिंती, जिने खराब करीत. मालक कंपनीने हिशेब केला की, डागडुजीवर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा मुले सांभाळण्यावर घालावा. त्यातून ते बालगृह निघाले. आज ज्या पद्धतीच्या शाळांसाठी सुखवस्तू पालक भारी शुल्क भरतात, तिचा जन्म मजुरांच्या बेवारशी फिरणाऱ्या मुलांसाठी झाला होता, याचा विसर पडू देऊ नये.

हीच गंगा गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या बालमंदिरात आणली. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पण ताराबाईंचे मन शहरातल्या बालमंदिरांत रमले नाही. १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. खेड्यातली मुले, विशेषतः दलित वस्तीतली, बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ही कल्पना अशी जन्मास आली. मुले गुरांमागे रानात जातात असे दिसले, तेव्हा कुरणशाळा निघाली. पुढे १९५७ च्या सुमारास डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींच्या मुलांसाठी काम सुरू झाले. तेथे शाळेत येणाऱ्या मुलींच्या कडेवर भावंडे असत. ‘भावंड घरी ठेवून ये’ असे सांगितले असते तर मुलगीही घरीच राहिली असती. म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी जोडली आणि तिला ‘विकासवाडी’ म्हटले. आमच्या मते या प्रश्नावर महाराष्ट्राने काढलेले हे सर्वांत शहाणपणाचे उत्तर आहे. त्यात मुलांना नियमाप्रमाणे वाकविलेले नाही. मुलांची गरज पाहून नियम बनविलेला आहे.

शहरांतही असे प्रयत्न झाले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, दिल्लीत इमारतीच्या कामावरील बायकांची मुले धुळीत आणि उन्हात पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर सुरू केले. इमारत पुरी झाली की मजूर हलतात, म्हणून पाळणाघरही हलते राहिले. त्याचे नावच ‘मोबाइल क्रेश’ पडले. १९७२ पासून मुंबईतही हे काम सुरू झाले. छत्तीसगडात बिलासपूरजवळ गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने आदिवासी पाड्यांवर ‘फुलवारी’ चालविल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुले पाड्यातल्याच एखाद्या बाईच्या हवाली होतात, त्यांना दिवसातून अनेक वेळा ताजे अन्न मिळते, आणि आई निर्धास्तपणे रानात किंवा शेतात जाते. कर्नाटकाने २०२३ साली ग्रामपंचायतींतून ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर, या नावाची पाळणाघरे उघडण्याचे ठरविले. तेव्हा हे जमणारच नाही, असे म्हणण्यास कोणाला जागा नाही.

‘पण सरकारने अंगणवाड्या काढल्या आहेत ना?’ असे कोणी विचारील. काढल्या आहेत, आणि ती मोठीच गोष्ट आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना आज देशभर पसरली असून अंगणवाड्यांची संख्या १३ लाखांच्या वर गेली आहे. लसीकरण, पूरक आहार, वजन, शाळापूर्व शिक्षण ही कामे तेथे होतात. परंतु अंगणवाडी आणि पाळणाघर यांत फरक आहे. अंगणवाडी दिवसातले काही तास भरते. मजुरीचा दिवस आठदहा तासांचा असतो. तेथे येऊन बसते ते तीन वर्षांच्या पुढचे मूल. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला बहुतकरून घरी नेण्याचा शिधा मिळतो. शिधा घरी गेला, पण शिजवून भरविणारे घरी कोणी नाही, तर त्याचा उपयोग किती? सरकारच्याही हे लक्षात आले आहे. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचा, आणि अशी १७ हजार केंद्रे करण्याचा संकल्प झाला. १३ लाखांपुढे १७ हजार म्हणजे शंभरात एक आणि वर थोडे. दिशा बरोबर आहे. चाल मात्र मुंगीची आहे.

कायद्यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ती मर्यादा ३० वर आणली. मळे, खाणी, बांधकामे यांच्या कायद्यांतही अशीच कलमे होती. हेतू उत्तम होता. पण कलमात एक छिद्र राहिले. पाळणाघराचा खर्च बायकांच्या संख्येवर बसविला की तो चुकविण्याचा सोपा मार्ग म्हणजे बायकाच कमी ठेवणे! जणू मूल फक्त आईचे आहे, बापाचा त्याच्याशी संबंध नाही, असेच त्या कलमाने गृहीत धरले होते. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, मग ते स्त्री असोत वा पुरुष, पाळणाघर असावे असे ठरले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तेच तत्त्व स्वीकारले. हे तत्त्व आम्हांस फार मोलाचे वाटते. परंतु मोलकरीण, भाजीवाली, विडीवाली, शेतमजूर आणि तोडणीवाली यांची ‘आस्थापना’ कोणती? त्यांच्या पन्नासांची गणती कोण करणार? आपल्या देशातल्या बहुतेक कष्टकरी बायका या कलमांच्या बाहेरच उभ्या आहेत. त्यांच्यासाठी पाळणाघर कारखान्याच्या आवारात असून चालणार नाही; ते वस्तीत असले पाहिजे.

आता खर्चाकडे वळू, कारण अखेर सारे गाडे तेथेच अडते. पाळणाघर हा काही फायद्याचा धंदा होऊ शकत नाही. तान्ही मुले सांभाळावयाची तर एका बाईकडे फार मुले देता येत नाहीत. समजा, वस्तीतल्या वीस मुलांसाठी तीन बायका नेमल्या आणि प्रत्येकीला महिना बारा हजार रुपये दिले, तर पगाराचेच ३६ हजार झाले. मुलामागे ते १,८०० रुपये पडतात; अन्न आणि जागा वेगळीच. ज्या बाईची मिळकत महिना आठदहा हजार आहे, ती हे कोठून देणार? तिला परवडेल असे शुल्क घ्यावयाचे तर सांभाळणारीला उपाशी ठेवावे लागते. सांभाळणारीला पोटभर द्यावयाचे तर आईला परवडत नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, त्यातली ही गत. या कोंडीतून सुटण्याची वाट एकच आहे: मधली तूट समाजाने भरून काढली पाहिजे. शाळेचा खर्च आपण मुलांच्या शुल्कातून काढीत नाही, रस्त्याचा खर्च पादचाऱ्याकडून घेत नाही; मग पाळणाघरापुरताच हा न्याय का बदलावा?

ही तूट किती मोठी आहे, याचा बागुलबुवा फार करण्यात येतो. म्हणून ऊसतोडणीचाच हिशेब मांडून पाहू. वीस कोयत्यांच्या टोळीत लहानमोठी वीस मुले आहेत असे धरा. तीन बायकांचा पगार हंगामाच्या पाच महिन्यांत १ लाख ८० हजार. रोज मुलामागे २५ रुपयांचे अन्न धरले तर दीडशे दिवसांचे ७५ हजार. निवारा, चटया, औषधपाणी यांस ४५ हजार. एकंदर तीन लाख रुपये झाले. एक कोयता दिवसाकाठी दोन टन ऊस तोडतो असे धरले, तर ही टोळी हंगामात सहा हजार टन ऊस तोडील. म्हणजे टनामागे ५० रुपये. एका टनातून सुमारे शंभर किलो साखर निघते. तेव्हा किलोमागे ५० पैसे! आपल्या चहात रोज जी साखर पडते, तिच्या किलोमागे अर्धा रुपया घातला तर ती तोडणाऱ्या बाईचे मूल सावलीत निजू शकते आणि तिची थोरली शाळेत जाऊ शकते. आकडे आम्ही ढोबळ धरले आहेत. ते दुप्पट झाले असे समजा. तरी रुपयाच्या वर जात नाहीत. ऊसतोड कामगारांच्या कल्याणाकरिता कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे धोरण राज्याने स्वीकारलेलेच आहे. त्यातला काही भाग निश्चितपणे पाळण्यासाठी राखून ठेवा, एवढेच मागणे आहे. बांधकामावरही १९९६ च्या कायद्याने मजुरांच्या कल्याणासाठी उपकर बसविला. पैसा नाही असे नव्हे. त्यातला वाटा तान्ह्या मुलाच्या नावे लिहिलेला नाही.

येथे आणखी एक सावधगिरीचा शब्द बोलला पाहिजे. स्वस्त पाळणाघर याचा अर्थ स्वस्त दाई असा होता कामा नये. अंगणवाडीतल्या सेविकांना आणि मदतनिसांना आपण आजही ‘मानसेवी’ म्हणतो आणि वेतनाऐवजी मानधन देतो. त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सांगण्यासाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा लागला. मान पुष्कळ आणि धन थोडे, असा या शब्दाचा अर्थ होऊन बसला आहे. मूल सांभाळणे हे बायकांना उपजतच येते, त्याला शिक्षण कशाला आणि पैसे कशाला, ही समजूत याच्या मुळाशी आहे. पण आठदहा परक्या मुलांना एकदम सांभाळणे, त्यांचा ताप ओळखणे, उलटीजुलाबात मीठसाखरेचे पाणी वेळेवर देणे, रडणाऱ्याला न मारता समजावणे, हे शिकावे लागते. हे कौशल्य आहे आणि कौशल्याला वेतन असते. एका गरीब बाईची सोय दुसऱ्या गरीब बाईच्या पोटावर पाय देऊन करणे, याला सुधारणा म्हणता येणार नाही.

शेवटचा आक्षेप भावनेचा आहे. मूल आईजवळच असावे, पाळणाघराने माया आटते, असे पुष्कळ सज्जन कळकळीने म्हणतात. त्यांच्या कळकळीविषयी आम्हांस आदर आहे. पण हा उपदेश कोणाला करावयाचा? आई घरी राहील अशी मजुरी तिच्या नवऱ्याला मिळवून द्या, आणि मग तिने काय करावे ते तिचे तिला ठरवू द्या. तोवर तिच्यापुढे ‘आई की पाळणाघर’ असा पर्यायच नाही. तिच्यापुढे पर्याय आहेत ते ‘पाळणाघर की बांध’, ‘पाळणाघर की कुलूपबंद खोली’ असे. आणि मायेचे म्हणाल, तर दिवसभर काळजीने पोखरलेली आई संध्याकाळी जी माया देऊ शकते, त्याहून अधिक निर्धास्त आई देऊ शकते.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते पाच गोष्टी आवश्यक आहेत. पाळणाघर वस्तीत किंवा कामाच्या जागी, चालत जाण्याच्या अंतरावर असावे. त्याचे तास आईच्या कामाचे तास असावेत. पहाटे काम सुरू होते तेथे दार पहाटे उघडावे. सहा महिन्यांच्या मुलापासून तेथे प्रवेश असावा. दिवसातून तीनदा तरी ताजे अन्न मिळावे. आणि सांभाळणारी त्याच वस्तीतली, शिकविलेली आणि रीतसर पगार मिळणारी असावी. आईकडून शुल्क घ्यावे, पण ते नाममात्र असावे. त्यामुळे तिला चार गोष्टी विचारण्याचा अधिकार राहतो.

हे सारे सरकारने करावे असे म्हणून टाळ्या वाजवून घरी जाणे सोपे आहे. पण गावालाही हात लावता येतो. आपल्या नगरपालिकेच्या शाळांतून किती खोल्या दुपारनंतर रिकाम्या असतात? मंगल कार्यालये, देवळांचे सभामंडप, समाजमंदिरे वर्षातले किती दिवस बंद असतात? साखर कारखान्याच्या भागधारकांपैकी काही जण या सभेत बसले असतील. पुढच्या सर्वसाधारण सभेत साखरेच्या उताऱ्याविषयी प्रश्न विचाराल, तेव्हा फडावरच्या पाळण्याविषयीही एक प्रश्न विचारा. बंगला बांधणाऱ्याने ठेकेदाराला वाळूसिमेंटाचा भाव विचारताना मजूर बायकांची मुले कोठे ठेवणार तेही विचारावे. आणि ज्या भगिनींच्या घरी रोज सकाळी दुसरी एक बाई भांडी घासावयास येते, त्यांनी तिला एकदा तरी विचारावे की, ‘बाई, तुझे लेकरू आत्ता कोणापाशी आहे?’ त्या प्रश्नाचे उत्तर ऐकून गप्प राहणे कोणालाही कठीण जाईल.

पाळण्याच्या दोरीचे गोडवे आपण पुष्कळ गाइले. परंतु जिच्या हातात ती दोरी आहे, तिच्याच दुसऱ्या हातात आपण कोयता, घमेले आणि झाडू दिला आहे. दोन्ही हातांचे काम एकटीने करावे अशी अपेक्षा धरणे हा तिचा गौरव नव्हे. तिच्या कष्टावर ज्यांच्या घरी साखर येते, ज्यांच्या भिंती उभ्या राहतात, ज्यांची भांडी लख्ख होतात, त्या आपण सर्वांनी त्या दोरीला थोडा थोडा हात लावावा.